मोरबाव, सेट एकोणीस

कारखान्याची वायरलेस रूम शेतकी ऑफिसच्या माडीवर होती. खिडकीतून खाली गाडीतळ दिसायचा. बैल सोडलेल्या गाड्या, उसाच्या वाढ्यांचे भारे, धुरकटलेल्या चुली, आणि पलीकडे ऊस टाकायच्या गव्हाणीकडं सरकणारी ट्रॅक्टरांची रांग. गळीत सुरू झालं की मळीचा आंबूस वास जिना चढून वर येई आणि उन्हाळ्यापर्यंत मुक्काम ठोके. अवधूत आगटे शनिवारी सांगलीला घरी गेला की त्याची बायको ज्ञानदा आधी त्याचा शर्ट बादलीत टाकायची आणि मग चहाचं आधण ठेवायची.

अवधूत कारखान्याचा वायरलेस इंजिनिअर होता. कराडच्या खालच्या अंगाला, कृष्णेच्या दोन्ही काठांवर, थोडा सातारा जिल्ह्यात आणि थोडा सांगलीत असा कारखान्याचा पसारा. उसाच्या गावांचे गट पाडले होते. गटऑफिसांत टेलिफोन होते, पण ते निम्मा हंगाम मुके असत. म्हणून गटागटांत वायरलेस सेट दिले होते. एकूण अठरा. कुठला सेट खरखरतो, कुठला गटवाला बोलून झाल्यावर बटण सोडायला विसरतो, हे अवधूतला न बघता सांगता यायचं. वायरलेसवर बसणाऱ्या आकारामला त्याचं फार कौतुक होतं.

शहाण्णव सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. दुपारची वेळ होती. गटवाले जेवायला गेले की तासभर स्पीकर गप्प असे. आकारामनं डबा उघडला होता आणि अवधूत एका उघड्या सेटवर वाकला होता, तेवढ्यात आवाज आला.

"कंट्रोल, कंट्रोल. मोरबाव बोलतोय, सेट एकोणीस. ओव्हर."

वयस्क माणसाचा आवाज होता. घाई नव्हती. लष्करात वायरलेसवर काम केलेले लोक बोलतात तसा, एकेक शब्द सुटा करून.

आकारामचा घास हातातच राहिला. "मोरबावला आपला सेट हाय व्हय सायेब?"

"नाही," अवधूत म्हणाला.

मोरबाव नदीपलीकडं, डोंगराच्या कुशीत होतं. कारखान्याचा थोडाफार ऊस तिथं होता, पण गटऑफिस नव्हतं. अवधूतनं माईक हातात घेतला. "कोण बोलतंय? ओळख सांगा. ओव्हर."

नुसती सळसळ. मग तोच आवाज. "ओळख काय सांगू आगटेसायेब? टोळीतली बाई हाय, दिस भरल्यात. सकाळधरनं कळा देतीया, मूल आडलंय. मोटार पाठवा. ओव्हर."

आपलं नाव ऐकून अवधूत दचकला. पण बाई अडली म्हटल्यावर चौकशी करत बसण्यात अर्थ नव्हता. "गाडी निघाली," त्यानं सांगितलं. "तिथंच थांबा. ओव्हर."

शेतकी खात्याची जीप लगेच गेली. ऊन कलल्यावर ड्रायव्हर रिकामाच परत आला. मोरबावात ऊसतोडीची टोळी नव्हती. अजून तिथल्या उसाला कोयताच लागला नव्हता. शाळेमागं माळ होता आणि माळावर शेळ्या.

संध्याकाळी शेतकी अधिकारी बाळासो मोहिते चारचौघांत म्हणाले, "काय आगटेसाहेब, वायरलेसवरनं बाळंतपणं काढायला लागलात म्हणं?" सगळे हसले. अवधूतही हसला. पण त्याच्या कानाच्या पाळ्या बराच वेळ गरम राहिल्या.

दुसऱ्या दिवशी संचालक मंडळातली काही मंडळी वायरलेस रूम बघायला आली होती. अवधूत त्यांना भिंतीवरचा नकाशा दाखवत होता. कुठून बोललं की कुठं ऐकू जातं, टेकडी आड आली तर काय करायचं, हे त्याचं आवडतं व्याख्यान. ते रंगात आलं असताना स्पीकर बोलला.

"आगटेसायेब, मोटार कुठवर आली? रगात थांबंना झालंय. ओव्हर."

कुणीतरी खुदकन हसलं. कालची गोष्ट सगळ्यांच्या कानांवर गेलेली होती. अवधूत माईकवर जवळजवळ ओरडलाच. "ही थट्टेची जागा नाही! सेट कुणाचा आहे तो? बंद करा!"

"थट्टा न्हाई सायेब. तुमी म्हनालासा गाडी निघाली, म्हनून वाट बघतोय."

पाहुणे गेल्यावर अवधूत खुर्चीत बसून राहिला. आकाराम त्याच्याकडं न बघता पेन्सिलीला टोक काढत होता.

तिसऱ्या दुपारी अवधूत तयारीतच होता. आवाज येताच त्यानं माईक ओढून घेतला आणि पलीकडच्याला बोलूच दिलं नाही. "ऐका. तिथं कुणी बाई नाही. मला माहीत आहे. पुन्हा या लायनीवर आलात तर पोलिसांत देईन."

सळसळ.

मग अगदी खालच्या आवाजात, "हाय सायेब. माझ्या म्होरंच हाय."

अवधूतनं सेटचं बटण फिरवलं आणि आवाज घालवला.

*

बेकायदा सेट शोधायचा तर आधी तो कुठं नोंदलेला नाही हे बघावं लागतं. सांगलीला जिल्हा कचेरीच्या आवारात सरकारचं संगणक केंद्र होतं. तिथला चिंतामण हा अवधूतचा इंजिनिअरिंगचा वर्गमित्र. बाहेर चपला काढायच्या, आत थंडगार, छतावर मोठी तबकडी. त्या तबकडीतून दिल्लीच्या यंत्राशी बोलता यायचं, आणि परवाना असलेल्या बिनतारी उपकरणांची तांत्रिक माहिती त्या यंत्रात भरलेली होती.

"सापडणार नाहीच," अवधूत म्हणाला. "तेवढं तुझ्याकडून कळलं की मी तक्रार करायला मोकळा."

"कारखान्याचं नाव टाकून बघू आधी," चिंतामण म्हणाला. "तुमचंच काही निघालं तर पंचाईत नको."

तबकडी ढगांमुळं कुरकुरत होती. बऱ्याच वेळानं काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उतरायला लागली. एकेक सेट, त्याची बनावट, नंबर, लहरींचा आकडा, एरियलची उंची, जागा. अवधूत प्रत्येक ओळीला मान हलवत होता. सगळे ओळखीचे होते. अठरा झाले.

मग एकोणिसावी ओळ आली.

जागा: मोरबाव, शाळेमागे. धारक: कारखाना. पुढं सेटचा नंबर, ताकद, एरियल. सगळे रकाने व्यवस्थित भरलेले.

"आहे की रे तुमचाच," चिंतामण म्हणाला.

अवधूतचं लक्ष शेवटच्या रकान्यावर होतं. सेट कधीपासून चालू, त्याची तारीख. ती येत्या जानेवारीची होती, संक्रांतीनंतरची. आणि अजून मार्गशीर्षही लागलेला नव्हता.

चिंतामणनं चष्मा वर केला. "सालाचा आकडा चुकला असेल. दिवसभर आकडे भरून डोळे जातात लोकांचे. अव्या, तुझ्या कारखान्यात किती सेट आहेत हे तुलाच माहीत नाही होय?"

तो चेष्टेत म्हणाला होता. पण शेजारच्या टेबलावरच्या दोन मुली हसल्या, आणि अवधूतला तिथून उठून जावंसं वाटलं. सेटचा नंबर त्यानं टिपून घेतला नाही. असे नंबर त्याच्या डोक्यात आपोआप बसत.

सोमवारी तो कार्यकारी संचालकांपुढं उभा राहिला. त्यांनी ऐकून घेतलं आणि हात झटकले. "उन्हाळ्यात मीच एका जादा सेटची परवानगी मागितली होती. तुम्हाला सांगायचं राहिलं."

"पण साहेब, जागा मोरबाव दिलीय."

"काहीतरी द्यावी लागते. दिली असेल कुणीतरी. आगटे, तुम्ही इंजिनिअर आहात. त्या थट्टेखोराचा बंदोबस्त करा, झालं."

बंदोबस्त अवधूतला येत होता. त्यानं सगळ्या अठरा सेटांना एक छोटं यंत्र बसवलं. कुणी बोललं की आवाजाच्या पोटात एक बारीक सूर जाई, माणसाच्या कानाला न कळणारा. तो सूर असला तरच वायरलेस रूमचा स्पीकर उघडे. परक्या सेटवरून कुणी बोललं तर पुढचा लाल दिवा तेवढा लागायचा, आवाज यायचा नाही. दाराला कुलूप लावल्यासारखं.

त्यानंतर पहिल्याच दुपारी दिवा लागला, विझला, पुन्हा लागला. बराच वेळ तसं चाललं होतं. आकारामनं त्याच्यावर टोपी ठेवली. मग ते थांबलं ते थांबलंच.

मासिक बैठकीत अवधूतच्या नावाचा खास उल्लेख झाला. त्याला बरं वाटलं.

*

संक्रांत झाली आणि मोरबावच्या बाजूच्या उसाला तोड आली. तिथला टेलिफोन मेलेलाच होता. बाळासो मोहिते म्हणाले, "तो जादा सेट तिकडं टाका. शाळेमागं पत्र्याची खोली मिळालीय." पुण्याहून सेट आला. अवधूतनं खोक्यातून काढून तो उलटा केला आणि नंबर वाचला. चिंतामणच्या पडद्यावर दिसलेलाच.

मग तो सरळ ठेवला आणि रुमालानं हात पुसले.

हे कुणाला सांगायचं? चिंतामणला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, सरकारनं परवानगी देताना नंबरही देऊन टाकला असेल. पटण्याजोगं होतं. अवधूतनं स्वतःला तेच सांगितलं. सेटला सुराचं यंत्र बसवलं, मोरबावला जाऊन एरियल उभं केलं. सकाळच्या गारव्यात सेट छान बोलला.

गटावर बसायला माणूस मिळाला होता, नाथाजी निकम. फलटणकडचा, लष्कराच्या सिग्नलमधून हवालदार होऊन निवृत्त झालेला. अवधूत परत वायरलेस रूममध्ये आला तेव्हा नाथाजी पहिल्यांदा सेटवर बसला होता.

"कंट्रोल, कंट्रोल. मोरबाव बोलतोय, सेट एकोणीस. आवाज बराबर येतोय का सायेब? ओव्हर."

आकारामनं हळूच मान वळवून अवधूतकडं पाहिलं. स्पीकरनं दुसऱ्यांदा विचारलं, मग आकारामच म्हणाला, "येतोय, येतोय. ओव्हर."

अवधूत त्याच आठवड्यात पुन्हा मोरबावला गेला. नाथाजी पत्र्याच्या खोलीत ताठ बसला होता. पांढऱ्या मिशा, कडक इस्त्रीचा सदरा.

"दिवाळीच्या सुमाराला तुम्ही कुठं होतात, नाथाजी?"

"घरी की. लागणी चालू हुत्या. का वो सायेब?"

"वायरलेसवर कुठं बोलला होतात?"

"नोकरी सुटल्यापास्नं हितंच हातात माईक घेतलाय बगा." तो हसला. "हात इसरत न्हाई पर."

शाळेमागच्या माळावर आता पाचटाच्या खोपी उभ्या होत्या. जतकडची टोळी होती. अवधूत खोपींच्या कडेनं चालत गेला. आपण काय शोधतोय हे त्याला पक्कं ठाऊक होतं. एका खोपीपुढं एक बाई मोळ्या बांधायला वाढ्यांचे बंध वळत बसली होती. तिचे दिवस भरत आलेले होते. तिनं पदर सावरला.

"काय बगताय सायेब?"

शेजारच्या खोपीतल्या बायका बाहेर डोकावल्या. अनोळखी पुरुषानं येऊन एका गरोदर बाईकडं टक लावून पाहावं, हे कसं दिसत असेल ते अवधूतच्या ध्यानात आलं. तिला काय सांगणार होता तो? गावी जा म्हणून? का जाऊ, असं तिनं विचारलं तर?

"काही नाही," तो म्हणाला. "टोळी कुठली ते बघत होतो."

"जतची. गुंडा मुकादमाची," ती म्हणाली. "मी त्येचीच मालकीन. मनुबाई." मग हसून, "आत या, च्या घ्या."

"नको, नको," म्हणत तो वळला आणि भराभर जीपकडं निघाला. मागं बायका काहीतरी बोलून हसल्या. त्या कदाचित दुसऱ्याच कशाला हसल्या असतील.

कारखान्यावर आल्यावर तो बाळासोंकडं गेला. खोलीत गटाचे चार लोक बसलेले होते. "मोरबावला दुपारची एक जीप ठेवता येईल का?"

"कशाला?"

"तिथून दवाखाना लांब आहे."

"सगळ्याच गटांस्नी लांब आहे. मोरबावलाच का? काही कारण असलं तर सांगा, ठेवू."

सगळे त्याच्या तोंडाकडं बघत होते. कारण त्याच्या ओठांवर आलं होतं. बाळंतपणं काढणारा आगटे, असं पुन्हा कुणीतरी म्हणेल, आणि या वेळी ते चेष्टेत म्हणणार नाहीत.

"काही नाही," अवधूत म्हणाला. "सहज सुचलं."

निदान ते कुलूप काढून टाकावं, असं त्याच्या मनात रोज येत होतं. पण काढलं तर का काढलं हे सांगावं लागलं असतं, आणि बैठकीत झालेलं कौतुक अजून ताजं होतं. शिवाय सेट एकोणीसला सूर होता. रोज सकाळी तो स्वच्छ बोलत होता. अडचण काहीच नव्हती.

*

माघ सरत आला आणि ऊन चटकायला लागलं. त्या दुपारी अवधूत वायरलेस रूममध्येच होता. हल्ली तो दुपारचा तिथून हलत नसे. गटवाले जेवायला गेले होते. आकाराम खिडकीशी उभा राहून खाली कुणाशी तरी बोलत होता.

लाल दिवा लागला.

आवाज नाही. दिवा थोडा वेळ जळला आणि विझला. मग कुणीतरी ऐकत असावं एवढा वेळ गेला. पुन्हा लागला.

"आलं का ते परत?" आकाराम म्हणाला. "टोपी ठिवू का?"

अवधूत दिव्याकडं बघत होता. पत्र्याची खोली, डोक्यावर ऊन, यंत्र तापून सूर ढळला असेल. हे त्याला लगेच कळलं. इतकं साधं होतं ते. पण उठायला जो क्षण लागतो तो त्याला सापडेना. उठलो आणि कुलूप काढलं, तर जे ऐकू येईल ते आपण आधी ऐकलेलं असेल.

दिवा लागला. विझला.

"सायेब?" आकाराम म्हणाला.

दिवा लागला, आणि या वेळी विझेचना.

अवधूत उठला. कुलपाचा खटका त्यानं खाली ओढला.

"...न्हाई सायेब, आता नगं," स्पीकर बोलत होता. आवाज फार थकलेला होता. "आता ऱ्हाऊ द्या. लई उशीर झाला."

"नाथाजी!" अवधूत माईकवर ओरडला. "आगटे बोलतोय! गाडी निघाली! नाथाजी!"

उत्तर आलं नाही. सळसळसुद्धा नाही.

जीपमध्ये तो स्वतः बसला. पूल, मग फुफाट्याचा रस्ता, मग डोंगराची कड. ड्रायव्हर काही विचारत होता, त्याचं अवधूतला भान नव्हतं. शाळेमागं टोळी गोळा झालेली होती. मनुबाई खोपीत होती. मूल झालेलं होतं, आणि ते जिवंत होतं. एका म्हातारीनं ते लुगड्यात गुंडाळून धरलं होतं. खोपीतली माती काळी पडली होती.

मनुबाईला जीपमध्ये घातलं. गुंडा तिचं डोकं धरून बसला. कराडच्या वाटेवर तिनं एकदा डोळे उघडले. ते अवधूतवर आले आणि तिथंच राहिले. मलकापूरच्या अलीकडं गुंडा म्हणाला, "आता हळू चालवा. आता काय घाई न्हाई."

*

कारखान्यानं चौकशी केली. सेट उन्हानं बिघडला होता, हे अवधूतनंच तपासून दाखवलं. नाथाजीला बोलावलं तेव्हा तो ताठ उभा राहून एवढंच म्हणाला, "सेट चालत न्हवता." यांत्रिक दोष, असं ठरलं. अवधूतला कुणी शब्दानं बोललं नाही. बाळासो मोहित्यांनी उलट त्याच्या पाठीवर हात ठेवला. ते त्याला सगळ्यांत अवघड गेलं. ते जीपचं मागणं बाळासो विसरूनही गेले होते.

नाथाजीनं मात्र काम सोडलं आणि तो गावी गेला.

शनिवारी सांगलीला घरी ज्ञानदानं विचारलं, "जेवत का नाहीस?" अवधूत म्हणाला, "उन्हानं." त्याला घरात तोंड वर करून बसता येईना. त्या नोव्हेंबरच्या दुपारी स्पीकरवर काय ऐकलं ते त्यानं चौकशीत सांगितलं नव्हतं. आकारामनंही नाही. जिन्यात समोरासमोर आले तरी दोघं आता नजर चुकवत.

गळीत संपल्यावर तो फलटणला गेला आणि तिथून विचारत विचारत नाथाजीच्या वस्तीवर. कालव्याच्या कडेला घर. सकाळची वेळ होती. नाथाजी उसाला पाणी देत होता. फावडं बांधावर ठेवून तो आला आणि त्यानं घोंगडं अंथरलं. आतून चहा आला. दोघंही कपातल्या चहाकडं बघत बसले.

"नाथाजी, त्या दिवशी तुम्ही मला हाका मारत होतात," अवधूतनं शेवटी सुरुवात केली. "मला ऐकू येत नव्हतं. सेटचा दोष खराच. पण मी दिवा बघत होतो. मी उठलो नाही. हे सांगायला आलो."

नाथाजीनं कप खाली ठेवला. "ऐकू येत न्हवतं कसं सायेब? तुमी बोलत हुता की."

पाटातलं पाणी वाहत होतं.

"मी काय बोलत होतो?"

"पैल्यांदा ओळख इचारली. मग म्हनालासा, गाडी निघाली, तितंच थांबा." नाथाजी संथपणे बोलत होता, सेटवर बोलायचा तसा. "म्हनून मी थांबलो. शाळेम्होरं ट्रॅक्टर उबा हुता. गुंडा म्हनत हुता, ह्येच्यात घालून नेऊ. मीच म्हनलं, नगं, धक्क्यानं बाई जाईल. सायेबांनी मोटार धाडलीय."

अवधूतनं हातातला कप खाली ठेवला.

"मग तुमी रागाला आला. थट्टा करतोय म्हनालासा. मला वाटलं, कामात असतील, डोस्कं फिरलं आसंल. मग म्हनालासा, तितं कुनी बाई न्हाईच." त्यानं मिशीवरून हात फिरवला. "ती माझ्या म्होरं हुती वो सायेब. तिनंबी ऐकलं."

"चौकशीत का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? रागात मानूस काय बी बोलतो. मागनं तुमी सोता आलासा की." त्यानं पाटाकडं बघितलं. "तुमची लाज काडून ती परत येनार हाय व्हय?"

आतून कुणीतरी नाथाजीला हाक मारली. तो आलो म्हणाला, पण उठला नाही. काहीतरी विचारायचं राहिल्यासारखा अवधूतकडं बघत राहिला.

"एक इचारू का सायेब? तुमी बोलत हुता तवा तुमच्या बाजूला कोन बाई बसली हुती?"

"बाई?"

"माईकच्या अगदी जवळ. रडत न्हवती, काय न्हाई. हळू आवाजात तुमास्नी सांगत हुती. 'सायेब, हूं म्हना. नुस्तं हूं म्हना, म्हंजी मी गावी जाते.' तुमच्या परत्येक बोलन्याच्या मागं त्येच. मला वाटलं, तुमच्या हापिसातली आसंल कुनी." नाथाजीनं आवाज खाली आणला. "पर बोली जतकडची हुती."

अवधूतच्या डोळ्यांपुढं ती खोली आली. खिडकी, नकाशा, टेबल. आपल्या खुर्चीला लागून असलेलं ते रिकामं स्टूल.

"बसली हुती का कुनी?" नाथाजीनं पुन्हा विचारलं.

"मला दिसली नाही," अवधूत म्हणाला.